वटवाघळांचीही बातमी द्या

महोदय,

वटवाघूळ म्हटले की रोगराईचीच बातमी होते, हे खटकते. मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात उंच निवडुंग आणि घायपाताची फुले रात्री उमलतात. लांब नाकाचे वटवाघूळ मधासाठी त्यात तोंड खुपसते आणि परागकणांनी पिवळे होऊन पुढच्या फुलाकडे झेपावते. रॉड्रिगो मेडेलिन यांच्यासारख्या मेक्सिकन संशोधकांनी वर्षानुवर्षे गुहा पालथ्या घातल्या, वटवाघळे मोजली, गावकऱ्यांची भीती घालवली. २०१८ मध्ये अमेरिकेनेही ही प्रजाती संकटग्रस्तांच्या यादीतून काढली. टकिला ही मेक्सिकन दारू बनवण्यासाठी घायपात फुलण्याआधीच तोडतात. आता काही उत्पादक ५ टक्के झाडे वटवाघळांसाठी फुलू देतात. एवढ्या चिकाटीच्या कामाला आपल्या विज्ञान पुरवणीत जागा मिळावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा