खंड्याच्या वहिनींना

प्रिय वहिनी,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'चहा टाकते' म्हणून आत सटकता. म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहितेय. शिवाय मुलं परदेशी असलेल्या माझ्या वयाच्या बायका विचारतातच, 'लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलात, मग कुत्र्याचं काय केलंत?' त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

तिकीट काढल्याचं सांगायला वर तुमच्या घरी आले, तर तुम्ही विचारलंत, "बॅग कुठंय?" बॅग माळ्यावर होती आणि निघायला बराच अवकाश होता. तुम्ही ती त्याच संध्याकाळी खाली काढायला लावलीत; हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, झाकण उघडं टाकून. खंड्या सुरुवातीला शेपूट पायांत घालून तिच्याभोवती घिरट्या घालायचा. पुढे तिच्यातच झोपायला लागला. त्याचे केस माझ्या सुती साड्यांना चिकटून थेट न्यू जर्सीला पोचले, पण बॅग निघाली की माणूस जातं हे त्याच्या डोक्यातलं गणित मोडलं. किल्ल्यांचंही तसंच. किल्ल्या उचलायच्या, चपला घालायच्या आणि पेपर वाचत बसायचं. दूधवाल्याला वाटलं असणार, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

मग दार. बाहेर जायचं, दार ओढायचं, मनात दहा आकडे मोजायचे, परत आत. त्याने कुंईकुंई करायच्या आत परतायचं, हा तुमचा दंडक. दहाचे वीस झाले, मग जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. मध्येच एखाद्या दिवशी पुन्हा दहावर, कारण ही दर खेपेला जास्तच लांब जाते असं त्याला वाटायला नको. आल्यावर गळाभेट नाही. पर्स ठेवायची, पाणी प्यायचं, तो निवला की मग हात फिरवायचा.

माझा जुना मोबाइल फ्रिजवर उभा करून तुम्ही माझ्यामागे त्याचं शूटिंग करून ठेवलंत, ते तर मी विसरणारच नाही. "पहिला अर्धा तास बघा," म्हणालात, "ज्याला एकटं राहणं सोसत नाही, त्याचं बहुतेक तेवढ्यात कळतं." मला पडद्यावर दिसत होतं ते एक शहाणं कुत्रं, गप्प बसलेलं. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत: जांभया देतोय पण झोप आलेली नाही, उगाच ओठ चाटतोय, नजर दारावरून हलत नाही. आणि दहीभात तसाच पडलाय. रबरी खेळण्यात भरून गोठवलेला तो दहीभात, ज्याच्यासाठी एरवी तो फ्रिजचं दार उघडल्याबरोबर हजर. एकटं असताना आवडीच्या खाण्याला तोंड न लावणं म्हणजे जीव घाबरलाय, हे तुम्ही सांगितलंत आणि आपण पुन्हा खालच्या पायरीवर आलो. पुढे एका दुपारी त्याने ते खेळणं दिवाणाखाली नेऊन लख्ख केलं, तेव्हाच तुम्ही म्हणालात, "आता माझ्याकडे मुक्कामाला येऊ दे." तोवर तुम्हीच आमच्याकडे येऊन, मी समोर असताना, त्याला जेवायला वाढत होतात. तुमच्या घरी गेला तेव्हा वाढणारा हात ओळखीचाच होता.

बाकी गोष्टी भराभर सांगते. तुम्हाला अचानक गावी जावं लागलं तर म्हणून बोर्डिंगची जागाही आधीच बघून ठेवलीत. एका ठिकाणी कुत्री झोपतात ती खोली दाखवायला तयार नव्हते, तिथून आपण उभ्या उभ्या परत फिरलो. रेबीजची लस होतीच. केनल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, निघण्याआधी पुरेशी लवकर घेतली, कारण घेतल्या घेतल्या तिचा उपयोग होत नाही. पावसाळा म्हणून गोचिडांचं औषध. माझ्या गैरहजेरीत उपचारांना संमती असल्याची चिठ्ठी डॉक्टरांकडे सहीनिशी. नातवाला दम दिलात की बेदाणे, चॉकलेट, कांद्याची भजी खंड्याला दिलीस तर याद राख. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा नंबर. माझा फोन अमेरिकेत, कुत्रं नाशकात सापडलं तर कोणाला फोन लागणार? भांडी बाजारात भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडून पितळी पत्र्यावर नंबर घालून आणलात. "कुणाच्या लग्नाचं?" असं त्याने विचारलं म्हणे.

व्हिडिओ कॉलवर मात्र तुमच्याशी माझं वाजलं. रोज खंड्याशी बोलायचं असं मी मनाशी धरलं होतं. तुम्ही एकदा लावून दिलात. माझा आवाज ऐकून तो दाराशी धावला आणि नंतर बराच वेळ तिथून हलला नाही. "तुमच्या समाधानासाठी त्याला कशाला ताटकळत ठेवायचं?" म्हणून तुम्ही कॉल बंद केलात. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण रोज सकाळी, म्हणजे माझ्या रात्री, तुमचा व्हिडिओ यायचा: खंड्या खातोय, खंड्या तुमच्या कढीपत्त्याच्या कुंडीशी लोळतोय. नातीला मांडीवर घेऊन मी तेच बघत बसायचे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचं तर तुम्ही मला सांगितलंही नाहीत. तुमच्या सुनेकडून कळलं. मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्यात, तो खडखडणारा जुना पंखा मुद्दाम सुरू ठेवलात, आणि फराळाचं ताट घेऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिलात. घरी सगळे जमलेले असताना. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. पैशांचं पाकीट तुम्ही परत केलंत, साडी 'पुढच्या संक्रांतीला बघू' म्हणून ढकललीत.

पण माघात तुम्ही नर्मदा परिक्रमेला निघताय, हे तुमच्या सुनेनेच फोडलंय. तेव्हा तुमच्या बोक्याला दुसरीकडे कुठे ठेवायचं नाही. मांजराला घर बदललेलं सोसत नाही हे तुमच्याच तोंडून ऐकलंय, तेव्हा मीच सकाळ-संध्याकाळ वर येईन. उद्यापासूनच त्याच्या वाटीत मी घालत जाते. त्याची लस कधीची आहे तेवढं कळवा, आणि मासे त्याला काट्यासकट देता की काढून?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई