लपेटीदार फाँट मथळ्यापुरते ठेवावेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निमंत्रणपत्रिका, मुखपृष्ठे, जाहिराती आणि पाट्या यांवर हस्ताक्षरी वळणाचे लपेटीदार फाँट सर्रास दिसतात. ही अक्षरे मला मनापासून आवडतात. मात्र दोन-तीन शब्दांच्या मथळ्यासाठी घडवलेले अक्षर जेव्हा पत्ता, वेळ, फोन क्रमांक आणि दहा-बारा ओळींचा मजकूर यांनाही लावले जाते, तेव्हा वाचणाऱ्याला एकेक शब्द लावत बसावे लागते. याला माझी हरकत आहे.

या अक्षरांचे सारे सौंदर्य जोडणीत असते आणि ती साधण्यासाठी अक्षरकारांनी अपार कष्ट घेतले आहेत. शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या सुट्या अक्षरांच्या काळात अक्षराची शेपटी शेजारच्या अक्षरावर न्यायची, तर ती खिळ्याच्या कडेबाहेर काढावी लागे आणि असा नाजूक भाग छपाईत मोडण्याची भीती असे. तरीही फ्रेंच अक्षरकार रॉजर एक्सकॉफॉन यांनी १९५३ मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ हा टंक (फाँट) असा घडवला, की त्यातील रोमन लिपीची छोटी (स्मॉल) अक्षरे एकमेकांना सहज जुळतात. जर्मन अक्षरकार हर्मन झाफ यांच्या १९९८ च्या ‘झाफिनो’ या फाँटमध्ये तर एकाच अक्षराची अनेक रूपे दिलेली आहेत, कारण हाताने लिहिताना कोणतेही अक्षर दर वेळी तसेच्या तसे उमटत नाही.

अशा टंकात शब्द जुळवून मग ओळ भरण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवले, की ही जोडणी जागोजागी तुटते. रोमन लिपीत संपूर्ण शब्द मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहिला, तरी हाच घोळ होतो, कारण ती वेलबुट्टीची अक्षरे शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात. देवनागरीत तर अर्थालाच धक्का लागतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्या ओळखताना शिरोरेषा अखंड आहे की तुटलेली, याचा डोळ्यांना मोठा आधार असतो. शिरोरेषाच गाळलेल्या शोभिवंत फाँटमध्ये सगळी भिस्त ‘ध’ आणि ‘भ’च्या माथ्यावरच्या बारीकशा गाठीवर येते आणि लहान आकारात छापल्यावर ती गाठ शाईने बुजते. मग ‘मात’ की ‘भात’, हे संदर्भावरून ठरवावे लागते. नावात आणि पत्त्यात तर संदर्भाचाही आधार नसतो.

मांडणी करणाऱ्यांना विनंती आहे, की लपेटीदार अक्षर मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी आणि भोवती भरपूर मोकळी जागा सोडून वापरावे. उरलेला मजकूर साध्या, सुवाच्य टंकात जुळवावा. अंतिम छपाईपूर्वी प्रत्यक्ष आकारातील एक प्रत मजकूर ठाऊक नसलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावी आणि तिला ती मोठ्याने वाचायला सांगावे. ती जिथे अडखळेल, तिथला फाँट बदलावा.

कळावे,
आपला एक वाचक