सही कापलेली व्यंगचित्रे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुक्त व्यंगचित्रकाराचे वर्ष दिवाळी उलटली की सुरू होते. काही अंकांचे मानधन येते, काहींचे 'अंक मिळाला ना?' एवढ्यावरच भागते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपादकांचे फोन पुन्हा सुरू होईपर्यंत शाळांमधल्या कार्यशाळा, कंपन्यांची कॅलेंडरे आणि लग्नाच्या स्वागतसमारंभात पाहुण्यांची अर्कचित्रे यांवर घर चालते. अशा एका समारंभाचे जेवढे मिळतात, तेवढे पैसे महिनाभराच्या राजकीय चित्रांचे मिळत नाहीत. त्याची आता सवय झाली आहे. सरलेल्या वर्षाची चित्रे एकत्र लावताना टोचले ते दुसरेच.

या वर्षातले माझे मला आवडलेले चित्र बसथांब्याचे आहे. नव्याकोऱ्या थांब्यावर चकचकीत बसची भलीमोठी जाहिरात, शेजारी ताटकळलेली माणसे, आणि त्यांतले एक आजोबा जाहिरातीतल्या बसलाच हात दाखवत आहेत. कच्च्या रेखाटनांत थांब्यावर बरीच गर्दी होती आणि खाली एक वाक्यही होते. गर्दीत आजोबांचा हात हरवत होता, म्हणून माणसे कमी करत तिघांवर आणली. मग वाक्य काढले. शेवटी आजोबांचा दुसरा हात खिशात सुट्टे पैसे चाचपतो आहे एवढे वाढवले, तेव्हा कुठे चित्र जमले. ते एका अंकात छापून आले आणि थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरू लागले : कोपऱ्यातली सही कापलेली, वर एका इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, आणि आजोबांच्या तोंडी 'आता आपलाच माणूस हवा' असा फुगा. पुढे एका साप्ताहिकाने तेच चित्र, फुग्यासकट, 'साभार : समाजमाध्यम' म्हणून छापले. मी पत्र पाठवले, तेव्हा यात तुमची प्रसिद्धीच झाली, असे उत्तर आले. नाव नसलेल्या चित्राने नेमकी कोणाची प्रसिद्धी होते, याचा खुलासा त्यात नव्हता.

२९ जुलै २०२५ रोजी ज्येष्ठ व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्यांची बहुतेक चित्रे शब्दांवाचून हसवतात. त्यांच्या किंवा वसंत सरवटे यांच्या चित्रावरची सही आज झाकली, तरी जाणता मराठी वाचक रेषेवरून चित्रकार ओळखतो. पण ही ओळख आपोआप झालेली नाही. 'हंस', 'मोहिनी', 'ललित' यांसारख्या मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी ती रेषा वर्षानुवर्षे नावासकट वाचकांपुढे ठेवली, म्हणून ती झाली. पगारी व्यंगचित्रकाराची जागा आता मोजक्याच दैनिकांत उरली असताना बाहेरून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांची चित्रे मोबाइलच्या पडद्यावर, नावापासून तुटून, दोन सेकंद दिसणार असतील, तर वाचकाच्या नजरेला आमच्या रेषेची सवय होणार कधी?

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मधील कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनेच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. कलम ५७ त्याहून महत्त्वाचे आहे, कारण हक्क विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. उमेदवाराचा तो फुगा याच कलमात येतो, असे माझे मत आहे. अर्थात एका चित्रासाठी कोर्टाची पायरी चढायची, तर वकिलाची फी चित्राच्या मानधनाच्या कितीतरी पट होते, आणि हे चित्र उचलणाऱ्यांनाही पक्के ठाऊक असते.

म्हणून मागणे संपादकांकडेच आहे. काम सांगताना चित्र कुठे आणि किती वेळा वापरणार, मानधन किती आणि कधी देणार, एवढे ईमेलवर कळवावे. चित्राखालची ओळ बदलायची असेल, तर आधी एक फोन करावा. कोणाचे ते ठाऊक नसलेले चित्र 'साभार' म्हणून छापण्यापेक्षा ती जागा कोरी गेलेली बरी. आपल्या रविवार पुरवणीतही लेखकाचे नाव ठळक अक्षरांत आणि चित्रकाराचे पानाच्या कडेला, मान वाकडी करून वाचावे असे उभे छापलेले असते. तेही कधी असते, कधी नसते. तेवढा बदल पुढच्या रविवारपासून करायला काहीच हरकत नसावी.

सहीबद्दल एवढे लिहून या पत्राखाली माझे नाव छापू नये अशी विनंती करतो आहे, हे विसंगत दिसेल याची कल्पना आहे. पण येत्या दिवाळीची कामे याच मंडळींकडून यायची आहेत.

आपला नम्र,
एक मुक्त व्यंगचित्रकार, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)