वाहन बदलण्यात जाणारा वेळ कोण मोजणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोठ्या शहरांतील लोकवाहतुकीविषयी जे छापून येते, त्यात नव्या मेट्रो मार्गाची लांबी, त्यावरचा खर्च, गाडीचा कमाल वेग आणि उद्घाटनाचा मुहूर्त यांना मानाचे स्थान मिळते. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाणाऱ्या माणसाचा वेळ मात्र केवळ गाडीत जात नाही. त्यातला मोठा हिस्सा एका वाहनातून उतरल्यापासून दुसरे मिळेपर्यंत खर्ची पडतो, आणि ही मधली जागा कोणत्याही एका यंत्रणेच्या अखत्यारीत येत नसल्याने तिचा हिशेब कुणीच ठेवत नाही. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

स्थानकाबाहेर आलेल्या प्रवाशाला बसथांबा बहुतेक वेळा समोरच दिसतो, पण रस्त्याच्या पलीकडे. मध्ये दुभाजक आणि त्यावर कठडा. त्यामुळे पादचारी पुलापर्यंत उलटे चालायचे, जिना चढायचा, पलीकडे उतरायचा आणि पुन्हा तेवढेच अंतर मागे यायचे. तोवर बस निघून गेलेली असते, कारण गाडी स्थानकात आल्याचे बसचालकाला कळण्याची सोय नसते, आणि कळले तरी दोन मिनिटे थांबण्याची मुभा त्याला नसते. कडेवर मूल असलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या प्रवाशाचे काय होत असेल ते सांगायला नको. नकाशावर मात्र स्थानक आणि थांबा एकमेकांना खेटून असतात. वाहतूक नियोजनात ताटकळण्याचे आणि चालण्याचे एक मिनिट गाडीतल्या जवळजवळ दोन मिनिटांइतके धरण्याचा प्रघात आहे, आणि वाहन बदलण्याचा म्हणून आणखी काही मिनिटांचा भार त्यावर चढवला जातो. म्हणजे आखणी करणाऱ्यांना हे सगळे ठाऊक आहे. थांब्याची जागा ठरवण्याची वेळ आली की ते कसे विसरले जाते, एवढेच कळत नाही.

दुसरा मुद्दा बसच्या अनियमितपणाचा. बराच वेळ एकही बस नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन-तीन एकापाठोपाठ, हा अनुभव कोणत्याही गर्दीच्या शहरातला आहे. लोक त्याचे खापर चालकांवर फोडतात, पण दोष बहुतेकदा त्यांचा नसतो. एखादी बस सिग्नलला किंवा कोंडीत थोडी अडकली की पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा अधिक माणसे साचतात. त्यांना चढायला अधिक वेळ लागतो, त्यामुळे बस आणखी मागे पडते आणि त्यापुढच्या थांब्यावर आणखी गर्दी होते. तिच्या मागून येणाऱ्या बसला मात्र थांबे रिकामेच मिळत जातात, म्हणून ती पुढचीला गाठते. गॉर्डन नेवेल आणि रेनफ्रे पॉट्स या संशोधकांनी हे १९६४ मध्येच गणिताने मांडले होते. दर १० मिनिटांनी नियमित येणाऱ्या बससाठी सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच बस जोडीने दर २० मिनिटांनी येऊ लागल्या की ही सरासरी १० मिनिटांवर जाते. बसची संख्या, इंधन आणि पगार तेच, प्रतीक्षा दुप्पट. शिवाय पहिली बस खच्चून भरलेली आणि दुसरी जवळपास रिकामी! यावर उपाय आहेत: वेळेच्या पुढे धावणारी बस ठरावीक थांब्यांवर थोडी रोखून अंतर राखणे, सर्व दारांतून चढू देणे, तिकीट बसबाहेर देणे आणि कोंडीच्या टप्प्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका ठेवणे. यातली मार्गिका सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड, कारण ती खासगी मोटारींकडून काढून घ्यावी लागते.

यावर ‘आमच्या भागातून थेट बस सुरू करा’ ही मागणी हमखास पुढे येते. ती समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम उलटा होतो. चार वस्त्या आणि चार कामाची ठिकाणे थेट जोडायची तर सोळा मार्ग लागतात, आणि तेवढ्याच बस त्या सोळांवर विभागल्या की प्रत्येक मार्गावर कदाचित ४० मिनिटांनी बस येईल. मध्यवर्ती ठिकाणी सगळ्यांची गाठ घालून चारच मार्ग चालवले तर प्रत्येकावर १० मिनिटांनी बस मिळते, आणि एकदा बदलूनही प्रवासी लवकर पोहोचतो. मात्र बदलण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत असेल आणि दुसरे तिकीट काढावे लागत असेल, तर लोकांनी थेट बसच मागावी यात नवल नाही.

तिकिटाचा प्रश्न तर कधीच सुटलेला आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात रेल्वे, बस आणि फेरीबोटी चालवणाऱ्या संस्थांना एकत्र बांधणारा परिवहन संघ १९६५ मध्येच उभा राहिला. दक्षिण कोरियातील सोलने १ जुलै २००४ रोजी बसमार्गांची नव्याने रचना केली, रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका आखल्या आणि भाडे एकूण अंतरावर ठरवले, म्हणजे ठरावीक वेळेत वाहन बदलल्यास पहिल्यापासून भाडे द्यावे लागत नाही. पहिल्या दिवशी कार्डयंत्रे बंद पडून मोठा गोंधळ उडाला होता, हेही सांगायला हवे. पण महापालिका मागे हटली नाही. आपल्याकडे अनेकदा कार्ड एक होते आणि भाडे मात्र प्रत्येक वाहनात नव्याने कापले जाते. याला एकत्रीकरण म्हणणे धाडसाचेच.

तेव्हा सूचना अशी की, मेट्रो, रेल्वे आणि बस चालवणाऱ्या संस्थांनी मोठ्या अदलाबदल-केंद्रांवर एका वाहनातून उतरल्यापासून दुसऱ्यात चढेपर्यंत सरासरी किती वेळ लागतो हे दर महिन्याला मोजून जाहीर करावे, आणि त्यात गर्दीच्या वेळेचा व रात्री उशिराचा आकडा वेगळा द्यावा. कार्डांच्या नोंदी आणि बसवरील जीपीएस यंत्रे असतील तेथे त्यातली बरीच माहिती आधीच जमा होत असते. थांबा कोणी हलवायचा, महापालिकेने, वाहतूक पोलिसांनी की परिवहन उपक्रमाने, याचे एकाच अधिकाऱ्याकडून उत्तर मिळण्याची व्यवस्थाही त्यासोबत व्हावी. आपल्या दैनिकाने नव्या मार्गांच्या बातम्यांबरोबर हे आकडेही मागून छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित प्रवासी