आराखड्यावरचे शेरे

दादर, मुंबई
२ जुलै

चि. मानसी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला कार्यक्रमाचा आराखडा मी सावकाश वाचला. युद्ध, भूकंप, पूर आणि आग यांच्या तडाख्यातून सांस्कृतिक वारसा वाचवण्यासाठी निरनिराळ्या देशांतील माणसांना प्रशिक्षण देणे, आपत्तीनंतर तातडीचे अनुदान पोहोचवणे आणि तज्ज्ञांची पथके पाठवणे या तिन्ही बाजू तू नीट मांडल्या आहेस. माझे म्हणणे एकाच ठिकाणी अडते. ‘प्राधान्यक्रम निश्चित करणे’ हे काम तू आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात पोहोचणाऱ्या पथकाकडे सोपवले आहेस. ते पथक कितीही जाणकार असले तरी हे काम त्याचे नव्हे. आधी काय वाचवायचे हे, ज्यांच्या देवळातले, दप्तरातले किंवा कपाटातले ते आहे त्यांनी ठरवायचे असते, आणि तेही पाणी चढण्यापूर्वी. तुझ्या कार्यालयाने त्यासाठी वर्षभर त्यांच्या मागे लागावे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा तू शाळेत होतीस. त्या आठवड्यात मी घरी का नव्हते, ते आता सविस्तर सांगते. आमच्या ग्रंथालयाचा तळमजला गटाराच्या पाण्याने भरला होता. पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा गुळगुळीत कागदावर छापलेले सचित्र ग्रंथ फुगून मांडणीत इतके घट्ट बसले होते की त्यांच्या दाबाने लोखंडी मांडणीच वाकली होती. दाखल-नोंदवही कुलूपबंद कपाटात होती आणि किल्ली ज्या लिपिकाकडे होती तो कल्याणच्या पुढे अडकलेला. यादी हाताशी नसल्यामुळे प्रत्येकाने आपल्या मनाने उचलायला सुरुवात केली. कोणी गॅझेटिअर वर नेले, कोणी दिवाळी अंकांचे बांधीव खंड, आणि साहेबांनी नव्या विश्वकोशाचा संच आधी हलवण्याचा हुकूम दिला, जो कोणत्याही मोठ्या ग्रंथविक्रेत्याकडे पुन्हा मिळाला असता. जवळच्या कोळीवाड्यातील भजनी मंडळाने ठेवायला दिलेली हस्तलिखित बाडे सर्वांत खालच्या फळीवर होती. मंडळाचे एक वृद्ध सभासद कंबरेएवढ्या चिखलातून वाट काढत आले आणि त्यांनी इतर काहीही न विचारता थेट त्या फळीकडे बोट दाखवले. तोवर बाडांवर हिरवट-काळी बुरशी धरली होती. त्या बाडांची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती, ही गोष्ट त्या खोलीतील एकाच माणसाला ठाऊक होती आणि त्याला विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

ओल्या कागदावर बुरशी धरायला दोन-तीन दिवस पुरतात. मुंबईच्या दमट हवेत त्याहूनही कमी. एवढ्या वेळात हजारो पुस्तके वाळवणे कोणालाही शक्य नसते, म्हणून ती गोठवतात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि मग थोडी थोडी पुस्तके काढून वाळवायला सवड मिळते. (काचेच्या छायाचित्र-पट्ट्या आणि ध्वनिफिती मात्र गोठवायच्या नसतात, हे प्रशिक्षणात ठळकपणे सांग, कारण घाईत सगळेच एका खोक्यात भरले जाते.) शीतगृहे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मासे आणि फळे साठवणाऱ्या शीतगृहाच्या मालकाशी मे महिन्यातच बोलणे झालेले असेल तर जुलैमध्ये तो दार उघडील. ओळखदेख नसताना चिखलाने माखलेली पोती घेऊन गेलात, तर तो पापलेटाशेजारी ती ठेवून घेणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. तुझ्या आराखड्यात शीतगृहासाठी रक्कम आहे, पण हे बोलणे कोणी आणि केव्हा करायचे याचा उल्लेख नाही.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली तेव्हा अग्निशमन दलाच्या जवानांनी माणसांची साखळी करून येशूचा मानल्या जाणाऱ्या काटेरी मुकुटासह अनेक वस्तू बाहेर काढल्या. काय आधी काढायचे याचा विचार तेथे पूर्वीच झालेला होता. त्याआधी काही महिन्यांवर, २ सप्टेंबर २०१८ रोजी, रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळले. आग विझवण्यासाठीच्या जवळच्या हायड्रंटना पाणी नव्हते, आणि तेथे जपलेली मूळ रहिवाशांच्या भाषांची ध्वनिमुद्रणेही गेली. त्यांतील काही भाषा बोलणारे आता कोणी उरलेले नाही. प्रती करून दुसऱ्या गावी ठेवणे हे तुझ्या कार्यक्रमातील सर्वांत कंटाळवाणे कलम आहे, पण निधी कमी पडला तर ते सर्वांत शेवटी कापावे, असे माझे मत आहे.

नेपाळचे प्रकरण तू उदाहरणादाखल घेतलेस हे चांगले केलेस, मात्र ते अर्ध्यावर सोडलेस. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काठमांडूची काष्ठमंडप ही जुनी लाकडी इमारत कोसळली. ढिगाऱ्यातून कोरीव खांब आणि तुळया वेचून, निवडून, नोंदवून ठेवणे हे वारशाचे प्रथमोपचार. तेवढे तू लिहिले आहेस. पुढे उत्खननात पाया सातव्या शतकापर्यंत मागे जातो असे दिसले, म्हणजे इमारतीचे वय सर्वांच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ढिगारा घाईने बुलडोझरने साफ केला असता तर तो पुरावाही त्याच्याबरोबर गेला असता. त्याच शहरातील राणीपोखरी या ऐतिहासिक तळ्याच्या पुनर्बांधणीत काँक्रीट वापरले जाऊ लागले तेव्हा काठमांडूच्या नागरिकांनीच विरोध करून काम थांबवले आणि अखेर वीट-सुरखीच्या जुन्या पद्धतीने ते पूर्ण झाले. हे लोक तुझ्या आराखड्यात ‘लाभार्थी’ या रकान्यात बसवले आहेत. त्यांना निर्णय घेणाऱ्यांच्या रकान्यात हलव.

याची उलट बाजू आपल्याच राज्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम झाली, आणि त्या वेळी ते सर्वांत आवश्यक होते यात मला शंका नाही. पण दगडी वाडे आणि भावकीच्या गल्ल्या यांच्या जागी सरळ रेघांची चौकोनी आखणी आली. घर वाचवणे आणि घराची रीत वाचवणे ही दोन्ही कामे एकाच अभियंत्याकडे दिली की दुसरे राहून जाते, एवढेच मी यातून घेते.

मालीतील तिंबक्तू शहर २०१२ मध्ये सशस्त्र गटांच्या ताब्यात गेले तेव्हा तेथली हस्तलिखिते तेथल्याच ग्रंथपालांनी आणि कुटुंबांनी पेट्यांत भरून, मोटारी आणि होड्यांतून राजधानी बामाकोला हलवली. बाहेरच्या एखाद्या पथकाला त्या घरांची दारेही सापडली नसती. बाहेरून मदत लागली ती पैशाची आणि पुढे बामाकोच्या दमट हवेत वाळवंटी कागद टिकवण्याच्या ज्ञानाची. तुझ्या कार्यालयाची जागा मला साधारण तेथे दिसते. त्याच शहरातील दर्गे पाडल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये एकाला नऊ वर्षांची शिक्षा सुनावली; म्हणून वस्तू हलवण्याआधी ती आहे तेथे, आहे तशी छायाचित्रात टिपण्याचा नियम प्रशिक्षणात सक्तीचा ठेव. ते छायाचित्र उद्या पुरावा ठरू शकते.

युद्धात सांस्कृतिक वारशाला संरक्षण देणाऱ्या १९५४ च्या हेग करारातील निळ्या ढालीच्या चिन्हावर तू फार भिस्त ठेवली आहेस. क्रोएशियातील दुब्रॉवनिकच्या जुन्या शहरावर संरक्षणाचे ध्वज फडकत असतानाच ६ डिसेंबर १९९१ रोजी तोफगोळे पडले. चिन्ह असावे, जागांचे नकाशे दोन्ही बाजूंच्या सैन्याकडे आधी पोहोचलेले असावेत, पण वस्तू तळघरात नेण्याची तयारी त्यावाचूनही पुरी असावी. (तुमच्या क्षेत्रातील जी संस्था रोममध्ये आहे, त्या इक्रॉमच्या स्थापनेचा ठराव युनेस्कोच्या १९५६ च्या दिल्लीतील अधिवेशनात झाला होता, हे तुझ्या युरोपीय सहकाऱ्यांना अधूनमधून सांगत जा.)

आता पैशाविषयी. तातडीच्या अनुदानासाठीही तू तीन दरपत्रके मागितली आहेस. नोकरीत मी आयुष्यभर दरपत्रके मागवली आहेत, त्यामुळे लेखापरीक्षकाची भीती मला समजते; पण भूकंपानंतर चौथ्या दिवशी ताडपत्री विकणारा एकच दुकानदार उघडा असतो आणि त्याच्याकडे पावतीपुस्तक नसते. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च स्थानिक प्रमुखाच्या सहीने, छायाचित्र आणि दोन साक्षीदारांच्या आधारे मान्य होईल, असे देणगीदारांकडून आत्ताच लेखी घे. नंतर कोणी देणार नाही. आपत्तीत बँकाही बंद असतात. म्हणून तुमचे पैसे कोणाच्या हातून पोहोचतील त्या माणसाचे नाव आधीच ठरलेले असू दे. सुतार, गवंडी, पुजारी, शिपाई यांना दिवसाची मजुरी मिळेल अशी तरतूद कर. ‘स्वयंसेवक’ हा शब्द पोट भरलेल्या माणसांना शोभतो.

शेवटच्या परिशिष्टातील संपर्क-यादीत नुसती पदनामे आहेत. तेथे माणसांची नावे, त्यांचे चालू क्रमांक आणि किल्ल्या कोणाकडे असतात त्यांचीही नावे हवीत, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष फोन लावून ती तपासली जावीत. या कामासाठी एक पूर्णवेळ माणूस नेम. पद मंजूर करणाऱ्यांना तो अनावश्यक वाटेल, तेव्हा माझ्या त्या कल्याणच्या पुढे अडकलेल्या लिपिकाचा किस्सा खुशाल सांग.

बाकीचे शेरे समासात पेन्सिलीने लिहिले आहेत. बाबा उद्या त्यांची छायाचित्रे काढून पाठवतील. सुधारित प्रत छापून पाठव, मला पडद्यावर वाचवत नाही.

तुझी,
आई