दोन जिवांची, पोट एकच

प्रिय बयो,

पत्र नाही, फोन नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत बरी आहे, सातवा सरत आलाय, बाळाची वाढ ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी. झालं तब्येतीचं.

लिहायला बसले ते परवाच्या सणाच्या जेवणामुळे. घरात कुणाला सांगून उपयोग नाही, सगळे त्याच जेवणात होते. मी चार घासांत भरले होते गं. ताटातलं तळण हळूच ह्याच्या ताटात सरकवत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी पाहिलं. "अगं, दोन जिवांची तू, आणि एवढंसं खातेस?" झालं! सगळ्यांचे डोळे माझ्या ताटावर, आणि वाढायला तिघीजणी एकदम धावल्या. मी निमूट खाल्लं. मी! हॉस्टेलच्या मेसमध्ये वाढप्याला रडवणारी मी! (तिथे माझ्या वाटणीचं गोड तू खाल्लंस आणि अजून मांजरावर ढकलतेस. मेसमध्ये मांजर नव्हतं. हे प्रकरण माझ्याकडून मिटलेलं नाही.)

वर "आता जरा आडवी हो" असा प्रेमळ हुकूम. झाले आडवी. थोड्याच वेळात घशाशी आंबट आणि छातीत आग. रात्र उशांना टेकून बसून काढली. आत्याबाईंचं निदान: बाळाला जावळ दाट येणार. येऊ दे बाई, पण माझ्या छातीतून कशाला?

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. या दिवसांत प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, त्याने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैलावते आणि पचनही मंदावतं. त्यात आता गर्भाशय खालून वर रेटतंय. म्हणजे भूक आहे, जागा नाही. आणि ते 'दोघांचं खा' ऐकून तर त्या हसल्याच. पहिल्या तीन महिन्यांत जादा काही फारसं लागतच नाही, नंतर रोज साधारण 350 ते 450 कॅलरी. म्हणजे मधल्या वेळचं एक बऱ्यापैकी खाणं. आख्खा दुसरा माणूस जेवायला बसलेला नाही.

उपायही साधेच निघाले. उपाशीपोटी सणाच्या जेवणाला जायचं नाही, आधी थोडं खाऊन जायचं. ताटात कमी घ्यायचं, गोड बाजूला काढून दुपारनंतर खायचं. पाणी जेवताना घटाघटा नाही, मधल्या वेळात. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, रात्री डाव्या कुशीवर. लोहाची गोळी चहाबरोबर नको, अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबरही नको. शिजवून दोन तासांवर बाहेर राहिलेलं, कच्च्या दुधाचं, कच्च्या अंड्याचं खायचं नाही. एक मात्र त्यांनी दोनदा बजावलं: उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं तर अ‍ॅसिडिटी म्हणून घरी बसायचं नाही, तडक यायचं. ते रक्तदाबाचं असू शकतं.

हे सगळं मी करीन. जमत नाहीये ते 'नको' म्हणणं. उलट्या होत होत्या तेव्हा माझ्या ताटात कुणी डोकावलं नाही, आता पोट दिसायला लागल्यापासून ताट सार्वजनिक झालंय. कमी खाल्लं तर "बाळाचा विचार कर", दुसऱ्यांदा गोड घेतलं तर "साखर वाढेल हं". ती तपासणी झाली आहे, नॉर्मल आली आहे, पण रिपोर्ट काय गळ्यात अडकवून जेवायला बसू? आणि राग कुणावर काढणार? वाढणाऱ्या हातांत मायाच असते, हीच तर पंचाईत. सासूबाई माझ्यासाठी कमी तिखटाचं वेगळं करतात आणि मग तेच दुप्पट वाढतात.

पंधरवड्यात पुढचा सण आहे. मी ठरवलंय, स्वतःचं स्वतः वाढून घ्यायचं, तेही छोट्या ताटलीत, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं. ह्याला सांगितलंय, आग्रह सुरू झाला की तू मध्ये पड. तो "हो" म्हणाला, म्हणजे त्या वेळी तो पापड मोडत बसेल. तू तुझ्या वेळी मामींना तोंडावर "पुरे" म्हणाली होतीस आणि चेहरा ढळू दिला नव्हतास. मला तेव्हा तो शुद्ध उद्धटपणा वाटला होता, अजूनही थोडा वाटतो. पण नेमकं काय म्हणालीस, शब्द न् शब्द कळव. हसत म्हणालीस की आधी म्हणालीस आणि मग हसलीस?

तुझी बदली झाली का? पिल्लू शाळेत रुळलं? गुडघ्याचं दाखवलंस की अजून तेल चोळतेस? सविस्तर लिही.

आणि फोन केलास तर दुपारच्या जेवणानंतर लगेच कर. तेव्हा मला दोन तास सरळ बसून काढायचे असतात, भांडायला भरपूर वेळ आहे.

तुझीच,
मेसची वाघीण (निवृत्त)