चौकशीचे आदेश दिले, मग पुढे काय झालं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हवाई दलाचं विमान पडल्याची बातमी तुमच्या पेपरात आली की मी आधी शेवटची ओळ बघतो. ती पाठच झालीय, 'अपघाताच्या चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत'. त्या चौकशीत पुढे काय निघालं याची बातमी मात्र मला एक-दोनदाच दिसली असेल, तीही कोणी फार मोठा माणूस त्यात गेला होता म्हणून, आणि मी पेपर पार जाहीर नोटिशींपर्यंत वाचणारा माणूस आहे.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा तपासणारा-दुरुस्त करणारा, बरीच वर्षं हैदराबादजवळ हकीमपेटला किरण विमानावर काम केलं. किरण म्हणजे आपल्या सरकारी विमान कंपनीचं, एचएएलचं, ट्रेनर जेट, पहिल्यांदा उडालं 1964 मध्ये आणि अजून पूर्ण रिटायर झालेलं नाही. त्यात शिकणारा पोरगा आणि मास्तर शेजारी शेजारी बसतात, स्कूटर शिकवताना बाप मागे बसतो ना तसंच काहीसं. आम्ही खालून बघायचो. टेकऑफला कोणी मान वर करत नाही, लँडिंगला मात्र चहाचा कप हातात धरून सगळे बघतात, कारण पोरगं कसं आहे ते तिथे कळतं. दणकन आपटलं की आमचं काम वाढलं, विमान जॅकवर घ्या, चाकांचे पाय बघा, पंखाचे जोड बघा, रिव्हेट ढिले झालेत का बघा. पोरगं हेल्मेट काखेत घेऊन खाली मान घालून निघून जायचं, आम्ही पण काही बोलायचो नाही.

लोकांना वाटतं जुनं विमान म्हणजे पडणारच. तसं नसतं. अमेरिकेचं टी-38 हे ट्रेनर जेट बघा, 1961 पासून त्यांच्या हवाई दलात आहे, 1972 ला बनवायचं बंद झालं, म्हणजे सगळ्यात नवीन विमानसुद्धा पन्नाशी ओलांडलेलं, आणि त्याच्या जागी येणारं टी-7 लांबत लांबत चाललंय म्हणून अजून त्याच्यावरच पोरं शिकतात. दिसायला बाणासारखं, पंख एवढेसे, त्यामुळे उतरताना स्पीड चांगलाच ठेवावा लागतो, आणि मागे पॅराशूट सोडून थांबायची सोयही नाही. म्हणून चाकं टेकली की नाक वर उचलून धरायचं, पोटावर आणि पंखांवर वारा घेऊन स्पीड मारायचा, मग नाक खाली आणि मग ब्रेक.

21 नोव्हेंबर 2019 ला ओक्लाहोमातल्या व्हान्स तळावर दोन टी-38 जोडीने उतरत होती, एक पुढे आणि एक बाजूला जरा मागे, याला फॉर्मेशन लँडिंग म्हणतात. मागच्या विमानातल्या विद्यार्थ्याने चाकं टेकल्या टेकल्या नाक उचललं. स्पीड अजून उडण्याइतका होता, विमान परत हवेत गेलं, कलंडलं, पुढच्या विमानावर आदळून त्याच्यावरून पलटी झालं आणि उलटं पडलं. मास्तर आणि विद्यार्थी दोघंही गेले, पुढच्या विमानातले वाचले. विमानात काही बिघाड नव्हता. नाक उचलायची घाई झाली आणि मास्तरांनी कंट्रोल वेळेत हातात घेतला नाही.

हे सगळं मी नाशिकरोडला घरात बसून सांगू शकतो कारण तो रिपोर्ट त्यांनी लोकांसमोर ठेवला. आणि नुसता ठेवला नाही, त्यांनी स्वतःलाच विचारलं की ही जोडीने उतरायची पद्धत शिकवतो कशाला, पुढे स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर ती किती वापरतात? जवळजवळ नाहीच, असं निघालं, मग ती शिकवणीतून काढूनच टाकली. वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट होती ती. म्हणून सगळं सुधारलं असं नाही हां, फेब्रुवारी 2021 मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीला उतरताना परत एक टी-38 पडलं, त्यात अमेरिकन मास्तर आणि जपानी विद्यार्थी गेले, स्पीड पडत गेला आणि मास्तर परत उशिरा जागे झाले. पण हे 'परत' मला म्हणता येतंय, कारण दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवता येतात.

आणि याच विमानाची आणखी जुनी गोष्ट, 28 फेब्रुवारी 1966. इलियट सी आणि चार्ल्स बॅसेट हे दोन अंतराळवीर जेमिनी 9 या अमेरिकन अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले, सेंट लुईसला सिम्युलेटरवर सरावाला चालले होते. ढग खाली आलेले, पाऊस आणि बर्फ, धावपट्टी नजरेआड होऊ नये म्हणून ढगाखालूनच गिरकी मारली आणि टी-38 मॅकडोनेल कंपनीच्या त्याच इमारतीच्या छतावर धडकलं जिथे त्यांचं यान तयार होत होतं. मागून येणाऱ्या दुसऱ्या टी-38 मध्ये राखीव जोडी होती, स्टॅफर्ड आणि सर्नन, ते नीट उतरले आणि जूनमध्ये जेमिनी 9 घेऊन तेच गेले. मग सगळ्यांचेच नंबर सरकले आणि ऑल्ड्रिनला जेमिनी 12 मिळालं, पुढे तो चंद्रावर उतरला ते सगळ्यांना माहितीच आहे. चूक इलियट सी यांची असा निष्कर्ष निघाला. आपलाच माणूस, तोही अंतराळवीर, तरी लपवलं नाही.

आता कोणी म्हणेल हे संरक्षणाचं काम आहे, सगळं उघड कसं करणार. बरोबर आहे. म्हणून तर तिकडे दोन चौकशा होतात. एक सेफ्टीची, ती बंद दाराआड, म्हणजे पायलट आणि मेकॅनिक न घाबरता खरं बोलतात. दुसरी वेगळी, लोकांसाठी, तिचा रिपोर्ट बाहेर येतो. आपल्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे हवाई दलाची स्वतःची चौकशी होते, चांगली होते, मी साक्षीला बसलोय, उगाच नावं ठेवणार नाही. पण बाहेर काय येतं? 2017 ते 2022 मध्ये हवाई दलाचे 34 अपघात झाले हे संसदेच्या समितीमुळे कळलं, कारणांच्या रकान्यात एका ओळीत 'मानवी चूक' किंवा 'तांत्रिक दोष'. मानवी चूक म्हणजे नक्की काय, नाक लवकर उचललं की मास्तर उशिरा जागा झाला की त्या पोराला त्या महिन्यात पुरेसं फ्लाइंगच मिळालं नव्हतं?

मुंबईच्या गाडगीळ कुटुंबाचं उदाहरण लोक विसरले नसतील. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 2001 मध्ये राजस्थानात सुरतगडला मिग-21 या लढाऊ विमानात गेले, ठपका त्यांच्यावरच आला, आणि त्यांची आई कविताताई पोराचं नाव साफ करायला वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. पोरांना किरणवरून एकदम मिगवर टाकू नका, मधे एक चांगलं जेट ट्रेनर आणा असं एका समितीने 1982 मध्येच सांगितलेलं, त्यासाठी हॉक या ट्रेनर जेटचा करार झाला 2004 ला. ते मिग आमच्याच नाशिकजवळच्या ओझरला बनलेले, म्हणून जरा जास्तच लागतं. आता त्याच ओझरला एचटीटी-40 हे नवीन ट्रेनर बनायला लागलंय, चांगलंय, जेट नाही ते, पंख्याचं आहे, पण पोरं पहिलं लँडिंग त्याच्यावरच शिकणार.

तर संपादकसाहेब, तुम्हाला एकच विनंती. 'चौकशीचे आदेश' असं छापलं की ऑफिसच्या कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी तुमच्या बातमीदाराला फोन करून विचारायला सांगा की चौकशीत काय निघालं आणि शिकवण्यात काय बदललं. उत्तर नाही मिळालं तर 'उत्तर मिळालं नाही' एवढंच छापा, पण छापा. माझ्याकडे जुन्या कात्रणांची फाईल आहे, पाहिजे असेल तर झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर, नाशिकरोड